सांगलीची खोली आणि माझा जाळीचा चेहरा

मी, शालूबाई हणमंतराव फडतरे, वय वर्षे शहात्तर, राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा, माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही दीर लालासाहेब यांना शंका असल्यास त्यांनी माझ्याशी अर्धा तास बोलून बघावे. मी आज आजारी नाही. दोन वर्षांपूर्वी तोंडाचा कॅन्सर झाला होता, त्यातून उठले. कशी उठले याचा अचंबा अजून ओसरलेला नाही, म्हणून तो ताजा आहे तोवर लिहायला बसले आहे.

कलम १. वडूजचे राहते घर आणि विहिरीखालची जमीन माझा मुलगा शिवतेज याला मिळावी. बांधावरची चिंच तोडू नये. लालासाहेबांना माझी काठी द्यावी. मी इस्पितळात असताना ते गावात सरपणाची चौकशी करून आले होते, तेव्हा त्यांच्या वाट्याला काहीतरी लाकूड यायला हवे.

कलम २. माझी बोरमाळ आणि पाटल्या सून संयोगिता हिला. मिश्री भाजायचा तवा मात्र कोणालाही देऊ नये, भंगारात घालावा. त्या तव्यावर तंबाखू भाजून मी आणि शेजारीण मनुबाई खरात, दोघी लग्न होऊन आल्यापासून एकाच ओट्यावर बसून दात घासत आलो. पुढे मला गालाच्या आत फोड आला. आता तिलाही आला आहे, तिथेच.

कलम ३. हे कलम लांबेल. सांगलीत विश्रामबागेत आमची एक खोली व स्वयंपाकघर आहे. यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा शिवतेजच्या शिक्षणासाठी त्यांनी ती घेतली. शिवतेजचा आता ती विकायचा विचार आहे. विकू नये. का, ते सांगते.

यजमान आणि मनुबाईचे मालक बिरदेवभाऊजी एकाच दिवशी साताऱ्याला भरतीला गेले होते. धावण्यात भाऊजी पुढे होते, हे यजमान स्वतः सांगत. पण छाती फुगवून मोजली तेव्हा भाऊजींची अर्धा इंच कमी भरली. ते परत येऊन मेंढरांमागे गेले, आणि यजमान फौजेत. त्या अर्ध्या इंचापायी आमच्या घरात पेन्शन आली, आणि यजमानांच्या माघारी माझ्या हातात माजी सैनिकांचे औषधोपचाराचे कार्ड राहिले. ते मी इस्पितळाच्या खिडकीत ठेवले आणि पलीकडून उत्तर आले, ‘उद्या सकाळी या.’ माझा काय पराक्रम होता त्यात? मी तर त्या भरतीच्या दिवशी वडूजला भाकऱ्या थापत होते.

सांगलीच्या इस्पितळात किरणांचा शेक द्यायला गरम पाण्यातून काढलेली पांढरी जाळी माझ्या तोंडावर बसवून चेहऱ्याचा साचा केला. रोज तो घालून मला फळीला जखडायचे. जाड दरवाजा लागायचा, आत मी एकटी, आणि हत्तीएवढे यंत्र माझ्याभोवती फिरायला लागायचे. ते अंगाला शिवत नव्हते. पुढे तोंड आतून सोलून निघाले ते वेगळे, पण त्या क्षणी काहीच दुखत नसे. मी पडल्या पडल्या म्हणायची, वडूजच्या एका म्हातारीच्या गालासाठी एवढे सगळे? कोणाकोणाच्या डोक्यातून आले असेल हे? देवळात कधी भरून आले नाही तेवढे मला तिथे भरून यायचे. चव गेली होती, ती एका सकाळी भाकरीच्या तुकड्याबरोबर परत आली. ज्वारी एवढी गोड असते हे मला तोवर माहीतच नव्हते. मी ताटावर बसून रडले.

त्या सगळ्या दिवसांत खोलीवर माझ्यापाशी मनुबाई राहिली. शिवतेज सीमेवर, संयोगिताची नोकरी पुण्यात. मनुबाईने आपले घर सोडले आणि मला चमच्याने पेज भरवली. इस्पितळात दरवाजाबाहेर बसून राहायची. मी आले की विचारायची, “शालू, आत काय करत्यात गं?”

“काय न्हाई. मिशीन फिरतंय माज्याभवती.”

“तुज्या एकटीसाठी?”

“व्हय, एकटीसाठी.”

मग ती हात जोडायची. मला नव्हे, त्या दरवाजाला.

आता तिची पाळी आहे. उपचार सरकारी योजनेत होतील असे इस्पितळातल्या बाईंनी सांगितले आहे. अडले आहे ते राहण्याचे, सोबतीचे, आणि तिचा मुलगा आकाराम याच्या मनाचे. आकाराम वाईट नाही. वेल्डिंगचे दुकान एकटा ओढतो. पण परवा ओट्यावर म्हणाला, “आवं काकू, ह्या वयात आईला कशाला तरास? दोन घास सुखानं खाऊ द्या की.”

मी म्हटले, “आरं, त्वांड उघडंना तिचं. घास जायचा कुठनं?”

तो उठून गेला. मला राग आला, तो अजून आहे. मनुबाई माझ्याहून लहान आहे. माझ्या हातात कार्ड होते, म्हणून माझे वय कोणी काढले नाही. तिचे सगळ्या गल्लीने काढले.

सबब, सांगलीच्या खोलीची मालकी शिवतेजची राहील, पण वडूज आणि आसपासचे जे म्हातारे माणूस या उपचारासाठी जाईल, त्याला व त्याच्या सोबत्याला उपचार संपेपर्यंत तिथे राहू द्यावे. भाडे घेऊ नये. देखरेख संयोगिताने करावी. तिला माणसांशी नीट बोलता येते, जे शिवतेजला जमत नाही.

कलम ४. माझा जाळीचा चेहरा इस्पितळाने मला घरी आणू दिला. त्यात माझे नाक आहे, हनुवटी आहे, सगळी मीच आहे. तो जाळू नये, पुरू नये. मी तो सांगलीच्या खोलीत भिंतीला टांगला आहे, तिथेच राहावा. नव्याने आलेल्या माणसाला कळावे की या जाळीत घातलेले तोंड पुढे भाकरी खात होते. तो मनुबाईला बसणार नाही. तिचा तिलाच करून घ्यावा लागेल. शेजारी मी दुसरा खिळा ठोकून ठेवला आहे.

कलम ५. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. मृत्युपत्रात असे चालत नाही, असे वकिलांचे म्हणणे आहे. चालत नसेल तर ही माझी विनवणी समजावी. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही ते म्हणाले. माझा एक साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. त्याने पहिल्या ओळीपासून वाचल्याशिवाय सही करू नये. खोलीची किल्ली या कागदाला दोऱ्याने बांधली आहे. पटल्यास ती सोडून घ्यावी. मनुबाईच्या सोबतीला मी राहीन, पेज मला करता येते. न पटल्यास नुसती सही करून जावे, मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचे वाक्य खोटे आहे, घेईन.

वरील सर्व मजकूर माझा असून तो मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यास तयार आहे.

ठिकाण : वडूज
दिनांक : १२ डिसेंबर २०२४, गुरुवार

सही : शालूबाई हणमंतराव फडतरे

साक्षीदार :

१. डॉ. मयूरी देशमाने, वडूज. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

२. आकाराम बिरदेव खरात, वडूज. काकूंनी माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. किल्ली सोडून घेतली. सोमवारी दुकान बंद ठेवून आईला मी नेतो. काकू, तुमी बी चला. त्या दरवाजातनं ती तुमच्याबिगर आत जायची न्हाई.