आकाशातल्या घरी जेवायचं कधी?

नंदुरबार, २० ऑक्टोबर १९४६

प्रिय छगन,

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वीच मिळालं. दुकानात गर्दी होती म्हणून उत्तर राहिलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे.

तुझ्या कथेचा पहिला भाग मासिकात आल्यापासून घरात मला किंमत उरलेली नाही. आईला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच ती वाचून दाखवली. माणसांनी बांधलेलं, चंद्रासारखं पृथ्वीभोवती फिरणारं घर, तिथे दर दोन तासांनी मावळणारा सूर्य, आणि ताटावर बसून ‘आता मी जेवू केव्हा?’ म्हणणारी जैन बाई. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग शेजारच्या पतासीबाईंना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. तीनदा वाचली रे मी! त्याच मासिकाने माझ्या चार कथा साभार परत केल्या. त्यातली एकही तिने कधी ऐकायला मागितली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

आणि तो प्रश्न तरी कुणाचा? आईचाच! उन्हाळ्यात तू सारंगखेड्याला घरी आला होतास, तेव्हा इथे नंदुरबारला येऊन आमच्या ओट्यावर बसून त्या आकाशातल्या घराची कल्पना रंगवलीस. सूर्यास्तानंतर पाणीही न पिणाऱ्या आईने दारातून विचारलं, मग तिथे जेवायचं कधी? मी तिची थट्टा केली. तू वहीत लिहून घेतलंस. फरक तिथेच पडला, हे आता कळतंय, आणि कळल्यामुळे पोटात जास्तच दुखतंय.

या महिन्याच्या अंकात पुढला भाग आला नाही. आई रोज विचारते, ती बाई जेवली का? परवा मीच पुढला भाग रचला आणि अंक समोर धरून वाचल्यासारखा ऐकवला. मला तर बरा जमलासा वाटला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ओ छगन रो कोनी.” हे छगनचं नव्हे, एवढंच. मग उठून कामाला लागली.

कथा इंग्रजी पुस्तकातून चोरल्याच्या ज्या निनावी पत्रामुळे संपादकांनी पुढला भाग रोखला, ते कुणी लिहिलं असेल, असं तू मलाच विचारलंस. मी लिहिलं, छगन. आज सही करून खरं काय ते त्यांना कळवलं आहे. माफी मागायला तोंड नाही, आणि जळणं अजून थांबलेलंही नाही. पण आईच्या लेखी ती बाई महिनाभर उपाशी बसली आहे. तिला जेवू घाल.

तुझाच,
मदनलाल