सायीसारखा सुटणारा फोटो

नातीला परत आणायला मला एकटीला एवढ्या लांब धाडलंत, आणि महिनाभरात एक ओळ लिहिली नाहीत. असो, नातीच्या आजोबांना नमस्कार.

तिचं दुकान चालत नाही, हे खोटं आहे. ती जागच्या जागी निघणारे फोटो काढते. तो फोटो कोमट पाण्यात भिजवला की वरचं चित्र सायीसारखं सुटतं, मग ते जाड कागदावर बसवायचं. तिच्या हातून निम्मी चित्रं फाटायची.

परवा बेकरीवाल्याने आणलेला त्याच्या आईचा जुना फोटो पाण्यात सुटला, पण चुरगळून गोळा व्हायला लागला. म्हातारी आता नाही आणि फोटोची दुसरी प्रतही नाही. पोर रडकुंडीला आली. म्हटलं, "सरक बाजूला, जन्मभर दुधावरची साय काढली मी." अख्खी आई उचलली! गालावर एक सुरकुती जास्त पडली, तर बेकरीवाला म्हणतो, "आता खरी आई दिसते." आणखी चार फोटो सांगून गेला!

सकाळी माझा हात थरथरतो, म्हणून मी दुपारीच कामाला बसते. हे तिला कळवू नका. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?

पोर येणार नाही, आणि इतक्यात मीही नाही. रागवायचं असेल तर स्वतःच्या हाताने लिहा, सूनबाईला बसवू नका.

तुमच्या घरातली