लुमेनच्या दुधाविषयी सासूबाईंना

पालोम्पोन, लेयते
१२ मे १९९१

आदरणीय सासूबाईंना एलपिडियोचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमची कंबर कशी आहे? सेबूला उकाडा फार असेल. इथेही आहे. यंदा माडी चांगली उतरतेय. माडीचं नाव काढल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, म्हणून तो विषय राहू द्या.

तुम्ही आमच्या लग्नाला आला नाहीत, त्यानंतरचं माझं हे पहिलंच पत्र. आणि जावयाने सासूला ज्या विषयावर अक्षरही लिहू नये, नेमक्या त्याच विषयावर लिहायची वेळ आलीय. आमची लुमेन नीट दूध पीत नव्हती. डब्यातलं नव्हे, तिच्या आईचं. झालं, लिहिलं एकदाचं.

मर्लिंडाने तुम्हाला ‘बाळ गुटगुटीत आहे’ असं कळवलं होतं, ते मला माहीत आहे. तेव्हा ते खरं नव्हतं. आरोग्य केंद्रातला वजनाचा काटा जागचा हलेना, तशी आमच्याकडे सभाच भरली. माझी आई म्हणाली, “दूधच कमी आहे.” लगेच शेवग्याचा पाला घालून शिंपल्यांचं सार सुरू झालं. सकाळी सार, दुपारी सार, मधेच भूक लागली तर पुन्हा सार. शेजारणीच्या शेवग्यावर एक पान उरलं नाही, आणि ती आमच्याशी बोलेनाशी झाली. बाबा म्हणाले, “दूध रग्गड आहे. पोरगीच आळशी. बापावर गेलीय.” दिवसभर माडावर चढउतर करणारा मी, आणि आळशी!

शेवटी केंद्रातली नर्स म्हणाली, “माझ्यासमोर पाजा बघू.” आईने लुमेनला पुढे केलं. टोपी, मोजे, वर दोन दुपटी. वारा बाधू नये म्हणून तिला रोज अशीच बांधत होते, केळीच्या पानात भात बांधावा तशी. तेही या मे महिन्यात! लुमेनने दोन घोट घेतले आणि डोळे मिटले.

“अहो, तिला शिजवताय की पाजताय?” नर्स म्हणाली. तिने सगळं उतरवलं, पोरीला नुसत्या लंगोटावर मर्लिंडाच्या अंगाशी धरलं आणि तळव्याला गुदगुल्या केल्या. लुमेन जागी झाली आणि तुटूनच पडली. (मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. आवाजावरून सांगतोय.) नर्स म्हणाली, “तिची ती सोडेपर्यंत ओढून घ्यायचं नाही. एक बाजू पोटभर पिऊ दे, मग दुसरी.”

वाटलं, सुटलो. पण घरी पुन्हा तेच. आमच्या घरात बाळाला सुखाने पिऊ देतील तर शपथ! बाप्तिस्म्याला होणाऱ्या धर्ममाता बाळाला बघायला यायच्या, एकीने घेतलं की दुसरी म्हणायची, “आता मला दे ग.” माझी आई समोर वाकून उभी. “ओढतेय का? गिळलं का? सार संपवलंस का?” अशाने गाय तरी पान्हा सोडेल का? माफ करा, तुमच्या मुलीला गाय म्हणायचं नव्हतं.

आता जे लिहितो ते मर्लिंडाला सांगू नका. घराला लागूनच आमचा एक माड आहे. वर बसलेल्या माणसाला खालचं सगळं ऐकू येतं आणि वर कुणीच बघत नाही. चार-पाच दिवसांपूर्वी संध्याकाळी मी माडी काढत होतो. खाली मर्लिंडा रडत होती. बाळाला म्हणत होती, “पी ग बाई. सगळे असे बघतात, जसं काही मीच दूध लपवून ठेवलंय. माझी आई असती ना, तर सगळ्यांना हाकलून दार लावून घेतलं असतं तिने.”

मी उतरलो, सगळ्यांना हाकललं आणि दार लावून घेतलं. मग कोयत्यासकट पायरीवर बसलो. आई म्हणाली, “माझ्याच घरातून मला बाहेर काढतोस? तुला सासूचं पाणी लागलं!” मी म्हटलं, “तिच्या हातचं पाणी अजून प्यायलोच कुठे?” ती फुरंगटून शेजारी बसली. आतून थोड्या वेळाने लुमेनचा घटाघट आवाज आला. आई उठली, मला वाटलं आत घुसणार, तर फाटकाशी जाऊन आलेल्या बाईवर खेकसली, “हळू बोल, माझी नात पितेय!”

काल काटा हलला. चांगला हलला.

म्हणजे लुमेनसाठी या, असं आता म्हणता येत नाही. ती पितेय. तरी मी लिहितोय. दार मला लावता येतं हो, पण दाराआड मर्लिंडाजवळ बसेल असं इथे कुणी नाही. ती तुम्हाला कधीच बोलावणार नाही. हट्टी आहे. कुणावर गेलीय ते मी लिहीत नाही.

बोट ओर्मोकला लागते. तिथे मी घ्यायला येईन. माझं तोंड बघायचं नसेल तर बाबांना पाठवतो आणि तुम्ही आहात तोवर मी माडावर राहतो.

तुमच्या लेकीचा
एलपिडियो