आखूड सातवा दात

व्हरमाँट, ३ ऑगस्ट १८३८

ती. एलिफलेटदादास, जेरुशाचा सा. न. वि. वि.

गवत घरात आले. यंदा मजूर लावले नाहीत. मी बनवलेल्या दाताळ्याला घोडी जुंपली आणि तीन दिवसांचे गवत एका दुपारी गोळा केले. ढीग झाला की मागून लाथ मारायची. दाताळे उलटते, गवत सोडते आणि पुढे निघते. लाथा मारण्यात मी लहानपणापासून पटाईत, हे तू सांगशीलच.

पण शेजारच्या ल्यूथर ग्रिडलीने ते आठवडाभर मागून नेले आणि हुबेहूब दुसरे केले. शेतकी जत्रेतल्या अवजारांच्या चढाओढीत तो ते स्वतःचा शोध म्हणून मांडणार आहे. पंचांच्या वहीत एकदा त्याचे नाव लागले की माझे कोण ऐकणार? अन्न गोड लागत नाही. एझ्रा मला विधवा करून गेल्यापासून माझे म्हणावे असे हे एवढेच आहे.

वहिनीस नमस्कार. लोभ कुरणासारखा वाढू द्यावा.

जेरुशा

ओहायो, २६ ऑगस्ट १८३८

चि. जेरुशास अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी म्हणते, ल्यूथरलाच दाताळ्याला जुंपा. पण पंच सगळे पुरुष. बाईने यंत्र केले म्हटले तर हसतील. माझ्या नावाने अर्ज दे, निदान श्रेय घरात तरी राहील. काळजीपोटी लिहितो. लोभ असावा, लाथ नसावी.

एलिफलेट

व्हरमाँट, ७ ऑक्टोबर १८३८

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे ऐकले नाही. अर्ज माझ्याच नावाने दिला. पंच हसले, एवढे तुझे खरे निघाले.

दोन्ही दाताळी शेजारी ठेवली. दोन्हींचा सातवा दात बोटभर आखूड. पंचांनी कारण विचारले. ल्यूथरने छाती फुगवून सांगितले, की गवताला वारा लागावा म्हणून ही खास योजना आहे, वर्षभर डोके खाजवून सुचली. मग मला विचारले. मी म्हटले, आमच्या कुरणातल्या धोंड्यावर तो दात मोडला, नव्याला लाकूड नव्हते, म्हणून तासून तसाच ठेवला. ल्यूथररावांनी तोही इमानाने उतरवून घेतला.

सारी जत्रा हसली, त्याची बायको सगळ्यांत जास्त. पंचांनी त्याचे नाव खोडून माझे लिहिले. मग मी दाताळे हाकून दाखवले. लाथ मारली तशा लोकांच्या टोप्या हवेत उडाल्या. दादा, मी तिथेच आनंदाने रडले.

बक्षीस काय, तर दाढीचा वस्तरा. बाई जिंकेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तिकडे निघालेल्या पाद्रीबाबांबरोबर तो तुला पाठवते आहे. पात्यावर माझे पूर्ण नाव कोरून घेतले आहे. रोज सकाळी दाढी करताना वाचत जा.

लोभाला आणि वस्तऱ्याला गंज चढू देऊ नये.

तुझी हट्टी बहीण,
जेरुशा पिंग्री