पुसलेला फळा

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

लहानपणी तू दाराचा फळा करून मला कविता शिकवायचीस, आणि मी चुकलो की डस्टर दारावर आपटायचीस. तो धप्प आवाज आज दिवसभर कानात घुमतोय.

या वयात शिकायला वसतिगृहात राहतोय म्हणून माझी काळजी नको. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं. फक्त डोकं तापलंय.

आज विद्यापीठाच्या कलाप्रदर्शनात माझ्या वर्गातल्या एका मुलीने फळा मांडला होता. वारलेल्या वडिलांनी शिकवलेली गणितं तिने आठवून आठवून एकावर एक लिहिली होती. मला वाटलं, कुणीतरी गिरगटलंय. जन्मभराची मास्तरकी! फळा स्वच्छ पुसला आणि वळणदार अक्षरात कवितेचं कडवं लिहिलं.

पोरगी रडत निघून गेली. मी आमच्या सरांना म्हटलं, "माझी चूक झाली. सगळ्यांसमोर तिची माफी मागतो."

"चूक कसली, आजोबा? हा तर अस्सल उत्तर-आधुनिक हस्तक्षेप! तुमचा हेतू काय होता, याला महत्त्वच नाही."

वर टाळ्या! ताई, माझ्या अपराधाची यांनी कलाकृती करून टाकली. माफी मागायलाही जागा ठेवली नाही. खड्ड्यात गेली असली विद्या! उद्याच इथलं नाव कमी करून घरी येतो. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढतेस की काय अजून?

थांब, दार वाजतंय.

तीच आलीय, हातात खडूंचा डबा. म्हणते, "सर काहीही म्हणोत, आजोबा, माझा फळा तुम्ही पुसलाय. चला, मला तो परत लिहू लागा."

ताई, कुणीतरी रागावलं एकदाचं. निघतो.

तुझा,
धाकटा