बॅनरसाठी धुतलेला चेहरा

चि. जितेंद्र यास,

सावद्याकडच्या अक्काचे भरभरून आशीर्वाद. इकडे माणसं बरी आहेत, केळीही बरी आहे, तिकडची खुशाली कळवणे. तुझी पाठ आता कशी आहे? धुळ्याच्या उन्हात पत्र्याखाली फ्लेक्सच्या मशीनसमोर वाकून बसतोस, मग रात्री कण्हतोस आणि पुनमला झोपू देत नाहीस, हे मला तिनेच सांगितलं (तिला रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं होतं). फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. माझा फोन तुझे दाजी उघडतात, काही महत्त्वाचं आलंय का बघू म्हणून, आणि महत्त्वाचं असलं की उत्तरही तेच देऊन टाकतात. म्हणून केळीची गाडी धुळ्याकडे निघते आहे तर वना ड्रायव्हरच्या हाती हे पाठवते आहे.

आमच्या गावचं सरपंचपद या वेळी बायकांसाठी राखीव निघालं आणि अर्ज मी भरला, एवढं तुला ठाऊक आहे. अर्जाची कल्पना तुझ्या दाजींची होती. पण सही माझी आहे, आणि निवडून आले तर खुर्चीवरही मीच बसणार, हे मी सही करतानाच मनाशी पक्कं केलं. नंतर बॅनरसाठी आमच्या ओट्यावर बैठक भरली. चहा मीच केला, आणि कप ठेवून वळते आहे तोवर ठरलंसुद्धा की मोठा फोटो तोतारामभाऊंचा (म्हणजे दाजींचा) आणि माझा खाली कोपऱ्यात, गोल करून. मी विचारलं, उमेदवार कोण आहे? सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मग हे फार मायेने म्हणाले की तसं काही नाही, पण तुझा चेहरा फोटोत तेलकट येतो, नाक चमकतं, गालावर पुटकुळ्या आहेत, आणि एवढा मोठा फ्लेक्स चौकात लागायचा. मी म्हटलं, चेहऱ्याचीच अडचण असेल तर चेहरा धुते. पण बॅनर लागेल तो माझ्याच चेहऱ्याचा.

मेडिकलमधून फेसवॉश आणते म्हटलं, तर सासूबाईंना वाटलं मी उगीच खर्चात पडते आहे. म्हणाल्या, ‘काब्रं पैसे घालू राह्यली व माय, कपड्याची वडी हाये ना घरात?’ मोठ्या माणसाचा मान राखावा म्हणून कपडे धुवायच्या साबणाची ती वडी लावली. चेहरा स्वच्छ झाला, पण कातडी इतकी ताणली गेली की दिवसभर हसता येईना. प्रचाराला निघालेल्या बाईला हसता आलं नाही तर लोकांना वाटतं आत्तापासूनच शेफारली. शेजारणीने बेसन-हळद सांगितली, ती लावून मी शेतावर गेले आणि गावभर बोलवा झाली की मंदाबाईंना कावीळ झाली.

मग सावद्याला सुपडूच्या मेडिकलमध्ये गेले. सुपडूने विचारलं, अक्का, स्किन ऑयली आहे, ड्राय आहे की कॉम्बिनेशन? मी म्हटलं, सकाळी कोरडी असते, दुपारी बागेत तेलकट होते आणि चुलीपुढे बसले की कशीही होते, तू सगळ्यांसाठीचं दे. त्याने काउंटरवर बाटल्यांची रांगच लावली. कोळशाचा, कडुनिंबाचा, पपईचा, आणि खरं सांगते, एक केळीचाही होता. जन्म केळीत गेला, केळीने तोंडावर उजेड पडत असता तर अख्खा तालुका लखलखला असता, म्हणून तो तेवढा परत ठेवला. बाकीच्यांतले तीन घेतले. प्रत्येक बाटलीवर एक हसरी बाई होती, जिने आयुष्यात कधी पाणी भरलेलं नसावं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. तू धुळ्याचा झालास तरी तुला आठवत असेल, आपल्याकडे साबण चांगला की वाईट हे केळीच्या चिकावर ठरतं. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो, वाळला की काळा पडतो आणि मग लुगडं फाटेल पण डाग जात नाही. मी विचार केला, तीन बाटल्यांत खरी कोणती हे कसं कळणार? बागेत गेले, ताजा चीक बोटावर घेतला आणि चेहऱ्यावर तीन पट्टे ओढले, दोन गालांवर दोन आणि कपाळावर एक. चांगला वाळू दिला (ओल्या चिकावर कोणीही पास होतो). मग एकेका पट्ट्याला एकेक फेसवॉश लावून घासत बसले. एकही पट्टा हलला नाही. मग लिंबू घासलं, मग रॉकेल. पट्टे जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या आजूबाजूची मी सोलून निघाले.

सूनबाई भूमिकाने मला पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. ती जळगावची, शिकलेली, पण मला हसली नाही, एवढं तिचं चांगलं. ‘मम्मी, फेसवॉश घाम आणि तेल काढायला असतो, चीक काढायला नसतो,’ म्हणाली. हे बाटलीवर लिहायला काय झालं होतं? प्रचार थांबवता येत नव्हता, म्हणून तसेच पट्टे घेऊन मी हात जोडत गावात फिरले. पुरुषांनी नजर चुकवली. बागेत कामाला येणाऱ्या बाया मात्र पोट धरून हसल्या, कारण चिकाचे डाग त्यांच्या हातांना रोजचेच. हसून झाल्यावर त्यांनी मला बांधावर बसवून घेतलं आणि विचारलं की निवडून आलीस तर नळाचं पाणी आम्ही कामाला निघायच्या आधी सोडशील का. हा प्रश्न ओट्यावरच्या बैठकीत कुणाच्याही तोंडून निघाला नव्हता. मी हो म्हटलं, आणि ते मी करणारच आहे.

भूमिका मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी मनसोक्त रागावून घेतलं, मग सांगितलं की काही दिवस नुसतं पाणी, त्यानंतर बिनवासाचा सौम्य फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ, हलक्या हाताने, टॉवेलने न घासता टिपून घ्यायचं आणि वरून साधं क्रीम. मी विचारलं, एवढंच? तर म्हणाल्या, एवढंच. ती बाटली सुपडूकडे सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडली होती, आणि बाकीच्यांपेक्षा स्वस्तही होती. तिच्यावर बाई नाही, फळ नाही, म्हणून कोणी मागत नाही. तिला धड फेससुद्धा येत नाही, आणि जिला फेस येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हे मला पहिले काही दिवस कळेना. पण मी नेमाने लावत राहिले. पट्टे गेले, पुटकुळ्या बसल्या, नाकाची चमक दुपारपर्यंत तरी आवरते. रंग होता तोच आहे, तो मला बदलायचाही नव्हता.

भूमिकाने मोबाइलवर फोटो काढला. मी तो तुझ्या दाजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, मग काढून, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, छान आलाय गं, पण ही तू वाटत नाहीस, लोक ओळखायचे नाहीत, मोठा माझाच राहू दे. जितेंद्र, आधी चेहरा वाईट म्हणून फोटो नको होता आणि आता चांगला म्हणून नको. मला राग आला आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर बाग उभी केली, तिथे माझा चेहरा कोणाच्या आड आला नव्हता. रात्री जेवले नाही. सकाळी उठले, चेहरा धुतला आणि हे पत्र लिहायला बसले.

तर धुळ्याहून या फेसवॉशच्या दोन बाटल्या पाठव, सुपडूकडचा साठा संपला आहे (बागेतल्या बायांनी नेला). मुलांना गोड पापा.

तुझी,
मंदाअक्का

ता. क. – बाटल्या नाही पाठवल्यास तरी चालेल, सुपडूने मागवल्या आहेत. खरं काम वेगळं आहे. दाजींनी बॅनर छापायला तुला त्यांचा फोटो पाठवला आहे, फेटा बांधलेला, हे मला माहीत आहे. तो पुसून टाक आणि पोचलाच नाही म्हणून सांग. माझा फोटो भूमिका तिच्या फोनवरून पाठवेल. तो तू उजळ करू नकोस, गाल घासू नकोस, आहे तसा छाप.

ता. क. २ – माझी बाटली इतक्या लवकर कशी संपते ते आज कळलं. दाजी पहाटे मोरीत दार लावून तोंड धुतात. त्यांचं नाक आता माझ्याहून कमी चमकतं.

ता. क. ३ – म्हणूनच सांगते, फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत मोठा कर. शेजारी बोटभरही जागा सोडू नकोस, सोडलीस तर ते तिथे येऊन उभे राहतील.