डुप्लिकेट किल्ली

ती. बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

इथे मात्र किळस आलीय. अणूचे कण पळवणाऱ्या यंत्राची कंट्रोल सिस्टिम मी बनवली. यंत्राच्या बोगद्यात जाणाऱ्याने पॅनेलवरची किल्ली सोबत न्यायची. ती परत लावल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, नाहीतर आतल्या माणसाचा किरणोत्सर्गाने जीव जाईल. आज मी आत असताना यंत्र सुरू होण्याचा भोंगा वाजला. यंत्र थांबवणारं लाल बटण दाबून बाहेर धावले, तर साहेबांनी डुप्लिकेट किल्ली लावलेली! वर म्हणतात, "वेळ वाचतो. तुला झालं का काही?" शी!

विजेच्या खांबावर चढताना तुम्ही फ्यूज काढून खिशात ठेवायचात ना? आता दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात आहेत. साहेब माझ्या खोलीचं दार ठोठावताहेत. ठोठावू देत.

आईला फक्त पहिली ओळ वाचून दाखवा.

तुमची,
धाकटी